साडेपाचचं कुलूप: आमच्या विभागप्रमुखांना खुलं पत्र

आदरणीय विभागप्रमुख सर आणि विद्यार्थी विकास विभागातले सगळे सर-मॅडम,

सा. न. वि. वि.

हे शेवटचं लिहिलं होतं दहावीत, पत्रलेखनाच्या मार्कांसाठी. आज परत लिहितोय कारण पुढचं जरा कडू आहे, सुरुवात तरी नीट व्हावी. याआधी तुम्हाला तीन अर्ज दिलेत. तिन्हींवर ऑफिसचा आवक शिक्का आहे, तारीख आहे, सही आहे, फक्त उत्तर नाहीये. तिसऱ्या वेळी क्लार्क काका म्हणाले, बाळा चौथा आणू नको, फाइल फुगायला लागली. म्हणून हे उघड पत्र. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण बदनामी करायची नाहीये. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, आणि बाकीच्यांनी आपापल्या कॉलेजचं नाव घालून वाचलं तरी फार काही बिघडेल असं वाटत नाही.

मामला असा आहे. सोमवारी सकाळी नोटीस लागली की विभागाची कॉम्प्युटर लॅब रोज साडेपाचला बंद होणार, लॅबमधल्या 'विनापरवानगी स्पर्धा' बंद, कुठलाही उपक्रम करायचा तर १५ दिवस आधी अर्ज. आणि कॉरिडॉरमधला आमचा रँकचा व्हाइटबोर्ड रविवारीच कोणीतरी ओल्या फडक्याने साफ करून ठेवला होता. कारण काय दिलं, तर 'विद्यार्थ्यांमध्ये अनिष्ट स्पर्धा निर्माण होत आहे'.

आता आमचा शुक्रवार म्हणजे काय ते वाचणाऱ्यांना सांगतो. तुम्हाला माहितीच आहे सर, तुम्ही एकदा दारात उभं राहून दहा मिनिटं बघून गेला होतात, आणि हसला पण होतात, मी पाहिलंय.

दर शुक्रवारी साडेपाच ते साडेसात, लॅब नंबर दोन, होस्टेलवाले विरुद्ध अप-डाउनवाले. अप-डाउनवाले म्हणजे रोज एसटीने येऊन एसटीने जाणारे, ज्यांच्या डब्यावर आमचा कायम डोळा असतो आणि ज्यांच्याकडून आम्ही मेसच्या डाळीवरून कायम ऐकून घेतो. तिघांची टीम आणि तिघांत एकच कॉम्प्युटर. हा नियम आमच्या डोक्यातून आलेला नाही, आयसीपीसीचा आहे, म्हणजे विद्यापीठांच्या पोरांची जगातली सगळ्यात जुनी आणि मानाची प्रोग्रॅमिंग स्पर्धा, जिची सुरुवात १९७० साली टेक्सास ए अँड एम विद्यापीठात झाली. तिकडे पाच तास असतात, आम्ही दोनच ठेवले कारण लेडीज होस्टेलचं गेट आठला बंद होतं आणि अप-डाउनवाल्यांची शेवटची गाडी सव्वाआठची. बाकी सगळं तसंच. प्रश्न सुटला की टेबलाला फुगा बांधायचा, चुकीचं सबमिशन केलं (म्हणजे चुकीचा कोड तपासायला पाठवला) की (तो प्रश्न शेवटी सुटला तर) २० मिनिटांचा दंड, आणि शेवटी शेवटी स्कोअरबोर्ड गोठवायचा म्हणजे कोण पुढे आहे ते कोणालाच कळत नाही आणि सगळ्यांच्या पोटात गोळा येतो.

या एका कॉम्प्युटरच्या नियमाबद्दल जरा थांबून सांगतो कारण सगळी गंमत त्यात आहे. तिघांना तीन मशीन दिल्या तर तिघं तीन कोपऱ्यांत तोंडं करून बसतात. एकच दिली की एक जण टाइप करतो आणि बाकीच्या दोघांना कागदावर विचार करावा लागतो, आणि मुख्य म्हणजे बोलावं लागतं. 'मला कळलंय, तू सरक' म्हणून चालत नाही, काय कळलंय ते समोरच्याला पटवावं लागतं, आणि पटवताना अर्ध्या वेळा आपल्यालाच कळतं की आपल्याला काही कळलेलं नव्हतं. तीन वर्षांत जेवढे वायवा दिले त्यातल्या एकातही हे झालं नाही.

खर्च किती, तर जवळपास शून्य. जज म्हणून, म्हणजे पाठवलेला कोड आपोआप तपासायला, डोमजज वापरतो, नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठात सुरू झालेली ओपन सोर्स सिस्टिम आहे, आयसीपीसीच्या कितीतरी स्पर्धांत तीच असते. लॅबमधली एक भंगारात काढलेली मशीन होती, तिच्यावर लिनक्स टाकून बसवली, सगळं लॅनवर, म्हणजे लॅबच्या आतल्या वायरींवर चालतं, इंटरनेट लागतच नाही. फुगे शिक्षक दिनाचे उरलेले. आणि बक्षीस म्हणजे गदा. महाराष्ट्र केसरीला चांदीची असते, आमची पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला जळका एसएमपीएस (कॉम्प्युटरचा वीजपुरवठ्याचा डबा) बांधून वर चॉकलेटची चंदेरी कागदं चिकटवलेली. दिसायला भयानक आहे, पण ती अप-डाउनवाल्यांनी एसटीच्या खिडकीतून बाहेर काढून दाखवत नेली की आमचं रक्त उकळतं.

आणि एक नियम आमचा स्वतःचा. शुक्रवारी जो जिंकला त्याने सोमवारच्या मधल्या सुट्टीत, न सुटलेले प्रश्न हरलेल्यांना त्याच बोर्डावर समजावून सांगायचे, आणि वर चहा पण त्यानेच पाजायचा. हरलेल्याने फक्त प्यायचा. हा नियम कोणी केला आठवत नाही पण याच्याइतका शहाणा नियम आपल्या विद्यापीठाच्या कुठल्या ऑर्डिनन्समध्ये असेल तर मला दाखवा.

माझा यात काय संबंध ते सांगतो. माझं गाव बार्शीजवळ. एफवायला आलो तेव्हा माझ्याकडे लॅपटॉप नव्हता, फोन होता, त्याचीही स्क्रीन फुटलेली. वर्गात अर्धी पोरं शहरातली, त्यांना सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आधीच येत होती, मला इंग्रजीत प्रश्न वाचायलाच वीस मिनिटं लागायची. पहिल्या शुक्रवारी आमच्या टीमचा स्कोअर शून्य. एकही फुगा नाही. मी ठरवलं होतं की परत यायचं नाही. पण सोमवारी जिंकलेल्या टीममधला एक अप-डाउनवाला मुलगा मला शोधत होस्टेलच्या दारापर्यंत आला, म्हणाला चल, चहा बाकी आहे तुझा. त्याने मला हजेरीपट घेऊन बायनरी सर्च शिकवला. आडनावं क्रमाने लावलेली असतात, मधलं पान उघड, शोधतोय ते पुढे असेल तर मागचं अर्धं सोडून दे. मग माझा कोड बघून म्हणाला की लो आणि हाय, म्हणजे शोधायच्या भागाची दोन टोकं, यांची बेरीज करून दोनने भागतोयस ना, आकडे मोठे झाले की ती बेरीज इंटिजरमध्ये मावत नाही, तिथे फुटतंय तुझं. मी खजील झालो तर म्हणे, अरे हीच चूक जावा या भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीत कित्येक वर्षं बसलेली होती, २००६ साली तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच ती जगाला सांगितली, तू कशाला लाजतोस. त्या दिवसापासून तो माझा पक्का दोस्त आणि पक्का दुश्मन.

माझे काका तरुणपणी तालमीत होते. ते नेहमी सांगतात की पैलवानाला खुराक कमी पडला तरी चालतो पण जोड चांगली लागते. एकटा पोरगा नुसते जोर-बैठका मारून छाती फुगवतो, कुस्ती त्याला येत नाही. रोज ज्याच्याशी झोंबायचं तो आपल्यापेक्षा थोडा भारी पाहिजे, आणि झटापट झाली की त्यानेच सांगायचं, पाय कुठे चुकला तुझा. सर, लॅब नंबर दोन आमची तालीम होती. तुम्ही पोरांना घरी बसून जोर काढायला सांगताय.

आता तक्रारी.

पहिली वेळेची. दिवसभर लॅब प्रॅक्टिकलच्या बॅचेसनी भरलेली असते, आपलं म्हणून मशीनसमोर बसायला मिळतं ते साडेपाचनंतरच. म्हणजे लॅब बंद झाली असं म्हणायचं पण ज्याच्याकडे लॅपटॉप आहे त्याची बंद झालीच नाही, तो रूमवर बसतो. बंद झाली ती माझ्यासारख्याची. ऑनलाइन कॉन्टेस्ट पण सगळ्या रात्रीच्या, कोडशेफ या साइटची स्टार्टर्स स्पर्धा बुधवारी आठला, कोडफोर्सेस या दुसऱ्या साइटचे राउंड बहुतेक वेळा आपल्याकडचे ८ वाजून ५ मिनिटांनी, कारण ती साइट रशियातली आणि तिकडे तेव्हा संध्याकाळ. फोनवर कोड लिहून बघा कधीतरी सर. महिरपी कंस कीबोर्डच्या तिसऱ्या पानावर असतो. गेल्या वर्षी आयसीपीसीची ऑनलाइन प्राथमिक फेरी आम्ही होस्टेलच्या रूममधून दिली कारण त्या दिवशी लॅबची चावी मिळाली नाही. मित्राकडून मागून आणलेला लॅपटॉप, माझ्या फोनचा हॉटस्पॉट, आणि शेवटच्या अर्ध्या तासात डेटा संपला. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार होतं, सबमिटचं चाक नुसतं फिरत राहिलं. आमच्या टीममधली मुलगी तिच्या होस्टेलमधून फोनवर जोडलेली होती, तिला तर कळलंच नाही काय झालं, ती हॅलो हॅलो करत राहिली. पुढे गेलो असतो की नाही माहीत नाही, कदाचित नसतोच गेलो, पण हरायचंच होतं तर प्रश्नाकडून हरायचं होतं, जिओकडून नाही.

सुरक्षेचंही कारण दिलंय. वॉचमन मामा तसेही रात्री दहापर्यंत त्याच इमारतीच्या दारात बसतात, शुक्रवारी उलट त्यांना सोबत असायची आणि चहा मिळायचा. यावर अजून काय बोलणार.

दुसरी तक्रार बोर्डाची, आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त हीच लागलीये. आमच्या बोर्डावर काय होतं, तर नावं आणि किती फुगे. दर आठवड्याला बदलायचं. या शुक्रवारी खाली असलेला पुढच्या शुक्रवारी वर. ते तुम्हाला अनिष्ट वाटलं. ठीक आहे. पण सर, त्याच बोर्डावर, फडक्याचा ओलावा वाळायच्या आत, दुसरा कागद लागला. प्लेसमेंटची लिस्ट. कोणाला किती लाखांचं पॅकेज, उतरत्या क्रमाने, फोटोसकट. आणि खाली लहान अक्षरात कोण कोण सीजीपीएच्या कटऑफमुळे बसूच शकत नाही त्यांचे रोल नंबर. ही यादी दर आठवड्याला बदलत नाही. या यादीत वर असलेला खाली असलेल्याला सोमवारी चहा पाजत नाही, उलट कुठली कंपनी येतेय, टेस्टला काय विचारलं, हे शेजारच्या कॉटवरच्या मित्रालासुद्धा सांगत नाही, मी हे डोळ्यांनी बघतोय. होस्टेलच्या एका मजल्यावर राहणारी पोरं महिनाभर एकमेकांशी नीट बोलत नाहीयेत. अनिष्ट स्पर्धा तुम्हाला बघायचीच असेल तर ती तुमच्याच कागदावर छापलेली आहे. आमची नुसती दोस्तीतली खुन्नस होती.

आवाजाबद्दल नोटिशीत एक वाक्य आहे, 'आरडाओरडा व फुगे फोडणे'. फुगे फोडले, मान्य. पण पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक चालतोय, भरत नाट्य मंदिरात कॉलेजची पोरं 'अरे आव्वाज कुणाचा' म्हणून छप्पर उडवतात, एकमेकांना हूट करतात, आणि त्याला आपण सगळे कौतुकाने परंपरा म्हणतो. नाटकवाल्यांनी ओरडलं तर संस्कृती आणि कॉम्प्युटरवाल्यांनी ओरडलं तर शिस्तभंग, हे जरा अवघड आहे. आम्ही पण माणसंच आहोत, नुसते माना खाली घालून टाइप करणारे नाही.

तिसरी पैशाची, थोडक्यात. कबड्डीच्या टीमला किट मिळतं, प्रवासखर्च मिळतो, जेवणाचा भत्ता मिळतो. मिळालाच पाहिजे, त्यातले दोघं माझे रूममेट आहेत. आयसीपीसीच्या एंट्री फीसाठी अर्ज केला तर उत्तर मिळालं (तोंडी) की ती 'वैयक्तिक परीक्षा' आहे. तिघांची टीम, विद्यापीठाच्या नावाने उतरते, नाव विद्यापीठाचं लागतं, मग वैयक्तिक कशी? आम्ही दर वर्षी विद्यार्थी उपक्रमांच्या नावाने फी भरतो, पावतीवर वेगळी ओळ असते तिची. ती कुठे जाते एवढं तरी कळावं.

१५ दिवसांच्या अर्जाबद्दल एवढंच, की दर आठवड्याच्या गोष्टीला १५ दिवस आधी अर्ज म्हणजे कायम दोन-तीन अर्ज हवेत लटकलेले. क्लार्क काकांची फाइल कुठवर फुगेल बघा.

अजून एक गोष्ट आहे, ती तक्रार नाही, काळजी म्हणा. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं तेव्हापासून असाइनमेंटचं काय झालंय ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहिती आहे. साठ जणांचे साठ कोड, सगळ्यांच्या कॉमेंट्स सारख्या, व्हेरिएबलची नावं सारखी. आधी निदान कोणाचं तरी जर्नल मागायला शेजारच्या रूममध्ये जावं लागायचं, त्या निमित्ताने दोन शब्द व्हायचे, आता तेही नाही. आमचा शुक्रवार लॅनवर असायचा, नेट बंद, फोन टोपलीत. अख्ख्या आठवड्यात आमच्या विभागात माणसाने माणसाला कोड समजावून सांगायची ती एकच वेळ होती. आणि बाहेरचे आखाडे पण कमी होतायत, गुगलची कोड जॅम ही प्रोग्रॅमिंग स्पर्धा २००३ पासून चालू होती, आमचे सीनियर तिच्या गोष्टी सांगायचे, २०२३ मध्ये तीही बंद झाली. निदान घरचा आखाडा तरी राहू द्या.

आता आमच्या चुका, कारण त्या लपवून ठेवल्या तर तुम्हीच काढाल. सुरुवातीला बोर्डावर सगळ्यांची नावं लागायची, शेवटच्या नंबरपर्यंत, आणि एका एफवायच्या मुलाला त्यावरून आठवडाभर चिडवलं. तो यायचा बंद झाला. ती आमची चूक. आम्ही त्याच्या रूमवर जाऊन सॉरी म्हणालो आणि नंतर फक्त वरचे दहा लावायला लागलो. दुसरं म्हणजे मुली फार कमी यायच्या. आम्हाला वाटायचं त्यांना इंटरेस्ट नाही. मग एका सीनियर ताईने सरळ सांगितलं की इंटरेस्ट आहे, पण तुम्ही सगळे आपापल्या टोळक्याच्या टीम करता आणि आमच्याकडे कोणी बघत पण नाही. तेव्हापासून चिठ्ठ्या टाकून टीम. होस्टेलमध्ये होस्टेलच्या चिठ्ठ्या, अप-डाउनमध्ये त्यांच्या, मुलं-मुली एकत्र, एफवाय-टीवाय एकत्र. दोन महिन्यांत मुली पाचच्या सोळा झाल्या. एक खुर्ची पण मोडलीये, तिचे पैसे आम्ही वर्गणी काढून भरले, पावती आहे.

(काही जण म्हणतात की शिक्षक विरुद्ध विद्यार्थी अशी जी एक मॅच झाली आणि एसवायच्या दोन पोरींनी आणि एका पोराने सरांच्या टीमला हरवलं, त्यानंतरच हे सगळं सुरू झालं. मी हे मानत नाही. त्या दिवशी हरलेल्या सरांनीच सगळ्यांना वडापाव दिला होता.)

तर मागण्या अशा आहेत.

शुक्रवारी लॅब नंबर दोन पावणेआठपर्यंत उघडी ठेवा. चावीची जबाबदारी दोन विद्यार्थी लेखी घेतील, नावं अर्जात दिलेली आहेत. जमलं तर बुधवारी पण, पण शुक्रवार आधी. शुक्रवारी लेडीज होस्टेलचं गेट नऊला बंद करायची शिफारस रेक्टर मॅडमना विभागाकडून जावी, कारण मुली शेवटचा अर्धा तास घड्याळ बघत खेळतात आणि ते अन्यायाचं आहे. परवानगी सेमिस्टरला एकदाच घ्या, दर वेळी नको. आयसीपीसीसाठी विभागाच्या निदान दोन टीमची एंट्री फी उपक्रमांच्या फीमधून द्या, आणि त्या फीचा हिशोब बोर्डावर लावा. बोर्ड परत द्या. अख्खा नको असेल तर अर्धा द्या, प्लेसमेंटची लिस्ट उजवीकडे, फुगे डावीकडे, पोरं काय ते बघून ठरवतील कुठे थांबायचं. आणि कोणीतरी एक सर किंवा मॅडम महिन्यातून एकदा आमच्यात खेळायला या. जज म्हणून नाही, टीममध्ये. चिठ्ठी टाकू.

उत्तर लेखी द्या एवढीच विनंती, प्रॅक्टिकल परीक्षा सुरू व्हायच्या आत. 'नाही' असेल तरी चालेल पण कारणासकट.

तोपर्यंत येत्या शुक्रवारी साडेपाचला आम्ही विभागाच्या पायऱ्यांवर बसतोय, दोन्ही पार्ट्या, कागद-पेन घेऊन. पायऱ्यांना कुलूप नाही. घोषणा नाहीत, मोर्चा नाही, पाच प्रश्न आहेत आणि दोन तास आहेत. कोड कागदावरच लिहायचा आणि समोरच्या पार्टीने तो हाताने चालवून तपासायचा. गदा अप-डाउनवाले घेऊन येणार आहेत, एसटीत तिला अर्धं तिकीट लागतं म्हणतात पण ते काय वाट्टेल ते बोलतात. फुगे या वेळी आणणार नाही.

आपला नम्र,
टीवाय कॉम्प्युटर सायन्सचा एक विद्यार्थी
होस्टेल पार्टी (सध्या ११-१२ ने मागे)